काळ्या कातळाखाली ज्वालामुखी आहे का?

२१ मार्च २०२४. रमजानचा महिना होता. सहरी उरकून, फज्रची नमाज अदा करून माणसे जरा आडवी झाली होती. सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात जमीन हलली. पत्रे खडखडले, मांडणीवरची भांडी वाजली आणि लोक लेकराबाळांना घेऊन अंगणात आले. दहा-बारा मिनिटांत दुसरा धक्का बसला. पहिल्याची तीव्रता ४.५ होती, दुसऱ्याची ३.६. नांदेड आणि परभणीतही हादरे जाणवले. अल्हमदुलिल्लाह, जीवितहानी झाली नाही. पुढे १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का आला. त्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यातील रामेश्वर तांडा परिसरात होते.

वसमत तालुक्यातील पांग्रा शिंदे आणि आसपासच्या गावांना तर जमिनीतून येणारा गडगडाट नवा नाही. कधी भांडी हलतात, कधी नुसताच आवाज येतो. असा आवाज आला की त्या रात्री घरात झोपायचे की बाहेर, हा प्रश्न पडतो. त्याबरोबर मुले आणखी एक प्रश्न विचारतात, "अब्बा, नीचे आग है क्या?" मोठ्यांनाही हा प्रश्न पडतो. पण ते तो उघड विचारत नाहीत, मोबाईलवर आलेला एखादा संदेश पुढे पाठवून मोकळे होतात.

ही शंका अगदीच अडाणीपणाची आहे असे नाही. आपला सारा मुलूख लाव्हारसापासून बनला, असे शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनीच वाचले आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, किनवट तालुक्यातील उनकेश्वरला जमिनीतून गरम पाणी येते. बुलढाण्याकडे लोणारचे ते प्रचंड गोल विवर आहे. लाव्हाचा दगड, गरम पाणी, गोल खड्डा आणि वर जमिनीचे आवाज एवढे जमले की कोणाच्याही मनात ज्वालामुखी येणारच.

याचे उत्तर आहे, नाही. हिंगोलीखाली ज्वालामुखी नाही. पण नुसत्या ‘नाही’ने भीती जात नाही. कारण कळले तर ती जाते. म्हणून ज्वालामुखी कोठे होतो, का होतो आणि एक इतका शांत तर दुसरा इतका भयंकर का असतो, हे आधी पाहू. शेवटी आपल्या घराच्या भिंतीपाशी परत येऊ, कारण खरी काळजी तिथे आहे.

आपल्या पायाखालचा दगड

आपल्याकडे विहीर खोदताना वरची काळी माती संपली की मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा कातळ. या कातळाला शास्त्रात बेसॉल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ, तप्त लाव्हा बाहेर आला. एक थर पसरला, थंड झाला, त्यावर दुसरा आला. असे थरावर थर साचत गेले. आजही या दगडाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापलेली आहे. आपल्याकडच्या टेकड्यांचे माथे कापून काढल्यासारखे सपाट दिसतात आणि उतारावर पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या. विहिरीच्या कडेला दोन काळ्या थरांमध्ये कधी कधी विटकरी लाल माती दिसते. एक थर थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत बराच काळ गेला आणि तेवढ्यात खालच्या थराची माती झाली, असे ती लाल पट्टी सांगते.

वसमतची हळद आणि आपला कापूस ज्या काळ्या जमिनीत वाढतो, ती जमीनही याच दगडाची झीज आहे. म्हणजे ज्वालामुखीशी आपले नाते आहे, पण ते फार जुने आहे. पूर्वेकडे नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीच्या बाजूला गेलात तर हा काळा थर संपतो आणि त्याखालचा, त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. हिंगोली या लाव्हाच्या चादरीच्या काठाजवळ आहे, तिच्या मध्यावर नाही.

आता इंडोनेशियाकडे पाहा. जगात सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्या असलेला हा देश. त्याच्या बेटांवर सव्वाशेच्या आसपास जिवंत ज्वालामुखी आहेत. तिथे लाव्हा चादरीसारखा पसरत नाही. तिथे उंच, टोकदार डोंगर उभे राहतात आणि ते फुटतात. १८१५ च्या एप्रिलमध्ये सुंबावा बेटावरचा तंबोरा फुटला, तेव्हा त्याच्या पायथ्याची छोटी सल्तनते राखेखाली नाहीशी झाली. १८८३ च्या ऑगस्टमध्ये क्राकाटोआ फुटला. त्याचा आवाज सुमारे ४,८०० किलोमीटर दूर हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला आणि उसळलेल्या लाटांनी ३६ हजारांहून अधिक माणसे नेली.

दोन्हीकडे ज्वालामुखीच आहे. मग एक चादर अंथरतो आणि दुसरा डोंगर उडवतो, हा फरक कशामुळे पडतो? त्याचे मोठे कारण पाणी आहे.

समुद्राचा तळ खाली जातो तेव्हा

पृथ्वीचे कवच एकसंध नाही. ते मोठमोठ्या तुकड्यांचे बनलेले आहे. त्यांना भूपट्ट म्हणतात. हे भूपट्ट अत्यंत सावकाश, साधारण आपली नखे वाढतात त्या वेगाने सरकतात. काही भूपट्टांवर जमीन आहे, काहींवर समुद्र. समुद्राखालचा भूपट्ट पातळ पण जड असतो. तो दुसऱ्या भूपट्टाला भिडला की बहुतेक वेळा त्याच्याखाली घुसतो आणि तिरपा होऊन खोल जाऊ लागतो. सुमात्रा आणि जावाच्या दक्षिणेला हिंदी महासागराचा तळ असाच खाली जात आहे. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राच्या किनाऱ्याजवळ जो महाभूकंप झाला आणि ज्याच्या त्सुनामीने आचे प्रांतापासून तामिळनाडूपर्यंत हाहाकार केला, तो याच सांध्यावर झाला.

अनेकांना वाटते की खाली गेलेला भूपट्टच वितळतो आणि तोच लाव्हा होऊन वर येतो. बहुतेक ठिकाणी तसे होत नाही. समुद्राच्या तळाशी कोट्यवधी वर्षे थंड झालेला हा दगड खाली जातानाही आजूबाजूच्या मानाने थंडच असतो. पण तो एकटा जात नाही. समुद्राचे पाणी त्याच्या भेगांत मुरलेले असते. नुसते मुरलेले नाही, तर दगडातल्या खनिजांनी ते आपल्यात बांधून घेतलेले असते. त्याच्या पाठीवर समुद्राचा गाळही असतो.

साधारण १०० किलोमीटर खोलीपर्यंत पोहोचेतो दाब आणि उष्णता इतकी वाढते की खनिजांना ते पाणी धरून ठेवता येत नाही. ओला टॉवेल पिळावा तसे ते बाहेर पडते आणि वरच्या तप्त दगडात शिरते. भूकवचाखालच्या या दगडी थराला प्रावरण म्हणतात. प्रावरण तप्त असले तरी घट्ट असते. त्यात हे पाणी शिरले की ते वितळू लागते.

पाण्याने दगड कसा काय वितळेल, असे कोणालाही वाटेल. कुल्फीवाल्याला आठवा. तो बर्फात मूठभर मीठ टाकतो. मीठ पडताच बर्फ शून्य अंशाच्या खालीही वितळू लागतो. मिठाने बर्फाला उष्णता दिलेली नसते, त्याचा वितळण्याचा बिंदू खाली आणलेला असतो. प्रावरणातल्या दगडाला पाणी हेच करते. कोरडा दगड ज्या तापमानाला घट्ट राहिला असता, त्याच तापमानाला ओला दगड वितळतो. हा फरक काही शे अंशांचा असतो.

आपल्याकडचा लाव्हा याच्या उलट रीतीने तयार झाला. तिथे पाण्याची गरज पडली नाही. खोलवरचा अतिशय तप्त दगड हळूहळू वर चढत आला. वर येताना त्याच्यावरचा दाब कमी झाला आणि दाब उतरताच तो वितळला. प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही भडकून उकळत नाही. दाब एकदम उतरला की तेच पाणी आणखी आच न देता खळखळते. दगडाचेही काहीसे तसेच आहे. एकीकडे पाणी मिसळून वितळलेला दगड, दुसरीकडे दाब उतरून वितळलेला दगड. दोघांचा स्वभाव इथूनच वेगळा होतो.

पातळ पाक, घट्ट पाक

जमिनीखाली वितळलेल्या दगडाला शिलारस म्हणतात. बाहेर आला की तोच लाव्हा. शिलारसाचा स्वभाव मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो. त्यात सिलिका किती आहे आणि वायू किती आहे.

सिलिका म्हणजे वाळूत आणि काचेत असते तेच द्रव्य. शिलारसात सिलिकाचे कण एकमेकांत गुंतून साखळ्या करतात. सिलिका जितकी जास्त, तितका रस चिवट. बेसॉल्टमध्ये शंभरात साधारण ५० भाग सिलिका असते. त्याचा रस ११०० ते १२०० अंश तापलेला आणि वाहता असतो, नुकत्याच विरघळलेल्या गुळाच्या पाकासारखा. अँडेसाइट नावाच्या दगडात सिलिका ६० च्या आसपास जाते आणि ऱ्हायोलाइटमध्ये ७० च्या वर. तो पाक चमच्याला चिकटून बसतो, ओतला तरी पडत नाही.

समुद्रतळ खाली जातो त्या भागातही सुरुवातीचा शिलारस बहुधा बेसॉल्टच असतो. पण त्याला वर येताना जाड भूकवच पार करावे लागते. वाटेत तो ठिकठिकाणी साठून राहतो. तो थंड होऊ लागला की लोह-मॅग्नेशियमचे जड स्फटिक आधी तयार होतात आणि तळाशी बसतात. त्यांच्यात सिलिका कमी असते, म्हणून उरलेल्या रसात तिचे प्रमाण वाढते. आजूबाजूचा भूकवचाचा दगडही थोडा वितळून त्यात मिसळतो. मुरंबा आटवताना पाणी जाते आणि पाक घट्ट होत जातो, तसाच हा रस दर मुक्कामाला घट्ट होत जातो.

त्यात पुन्हा पाणी विरघळलेले असते. अशा ठिकाणच्या शिलारसात वजनाच्या सुमारे ४ टक्के पाणी असू शकते. आपल्याकडच्या प्रकारच्या लाव्हात ते सहसा १ टक्क्याच्याही खाली असते. चार टक्के ऐकायला थोडे वाटते. पण पाण्याची वाफ झाली की ती हजार पटींहून अधिक जागा मागते. खोलवर दाबाखाली हे पाणी रसात विरघळून शांत असते. रस वर आला, दाब उतरला की सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यासारखे बुडबुडे सुटतात. पातळ रसातून बुडबुडे सहज निघून जातात. चिवट रसात ते अडकतात, फुगतात आणि शेवटी सगळा रसच फाडून टाकतात. त्या फाटलेल्या रसाची बारीक काच म्हणजे ज्वालामुखीची राख. तंबोरा आणि क्राकाटोआ फुटले ते असे.

आपल्या विहिरीच्या दगडातही बुडबुड्यांच्या खुणा आहेत. काळ्या दगडात वाटाण्याएवढी, कधी सुपारीएवढी पोकळी दिसते आणि तिच्यात पांढरे, चमकदार स्फटिक भरलेले असतात. तो अडकून राहिलेला वायूच होता. पण थोडा होता आणि रस पातळ होता. त्यामुळे बुडबुडे थराच्या वरच्या भागात जमले आणि बाकीचा वायू निघून गेला.

समुद्राची खूण

भूपट्टासोबत खरोखरच समुद्राचे पाणी आणि गाळ खाली जातो, हे कळले कसे? शंभर किलोमीटर खोल कोणी उतरलेले नाही. पुरावा लाव्हातच मिळाला.

आकाशातून येणारे विश्वकिरण हवेतल्या अणूंवर आदळतात आणि बेरिलियम-१० नावाचा एक दुर्मीळ प्रकार तयार होतो. पावसाबरोबर तो समुद्रात येतो आणि तळाच्या गाळात बसतो. तो टिकाऊ नाही. साधारण १४ लाख वर्षांत निम्मा नाहीसा होतो. म्हणजे पृथ्वीच्या पोटातल्या जुन्या दगडात तो सापडायलाच नको. १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांनी समुद्रतळ खाली जातो अशा अनेक ठिकाणच्या ताज्या लाव्हात तो मोजला, तेव्हा तो सापडला. हवाईसारख्या, भूपट्टाच्या मध्यावर असलेल्या ज्वालामुखींच्या लाव्हात तो तसा सापडत नाही. वाट उघड होती. आकाशातून समुद्रात, समुद्राच्या गाळातून पृथ्वीच्या पोटात आणि तिथून लाव्हाबरोबर पुन्हा वर. या साऱ्या प्रवासाला काही दशलक्ष वर्षेच लागली.

पाण्याबरोबर सहज वाहून जाणारे बेरियम, शिसे, पोटॅशियम हे घटकही या ठिकाणच्या लाव्हात जास्त असतात. पाण्यात न विरघळणारा नायोबियम मात्र कमी पडतो. त्यामुळे दगड हातात आला की तो कोणत्या प्रकारच्या ज्वालामुखीचा आहे, हे प्रयोगशाळेत सांगता येते.

अशी एक ओळख महाराष्ट्रातही पटली आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी गावाजवळ गाळाच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडली. सभोवती सगळा काळा बेसॉल्ट आणि मध्येच ही सिलिकाने भरलेली, फिकी, काचेची भुकटी. तिची रासायनिक घडण सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी जुळली. टोबाच्या नेमक्या कोणत्या उद्रेकाची ही राख, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण तिचे घर सुमात्रा आहे, हे दगडाच्या रसायनाने सांगितले. हजारो वर्षांपूर्वी तिकडे डोंगर फुटला आणि त्याची राख वाऱ्याने बंगालचा उपसागर ओलांडून महाराष्ट्रातल्या नदीत आणून टाकली.

आपल्या देशातही याच सांध्यावर एक जिवंत ज्वालामुखी आहे. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवर बॅरन बेट आहे. त्याच्याखाली भारतीय भूपट्ट पूर्वेकडे खाली जात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीस तो धगधगत होता. नंतर दीडशेहून अधिक वर्षे गप्प राहिला आणि १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. तेव्हापासून तो अधूनमधून राख आणि लाव्हा टाकतो. बेट निर्जन आहे, त्यामुळे त्याची झळ कोणाला बसत नाही.

मदिन्याजवळची आग

इथे एक रास्त शंका निघते. समुद्रतळ खाली जात नसेल तर तिथे ज्वालामुखी होतच नाही का? होतो. त्याचे उदाहरण आपल्या हाजींनी डोळ्यांनी पाहिलेले आहे, फक्त ते काय आहे हे बहुतेकांना ठाऊक नसते.

मक्का-मदिना मार्गावर आणि मदिना शहराच्या पूर्व-पश्चिमेला काळ्या, खडबडीत दगडाची माळराने आहेत. अरबीत त्यांना हर्रा म्हणतात. हा दगडही बेसॉल्टच, आपल्या काळ्या कातळाचा भाऊबंद. तांबडा समुद्र रुंद होत गेला त्या काळात खालचा तप्त दगड वर येऊन हा लाव्हा बाहेर पडला.

हिजरी ६५४ मध्ये, म्हणजे इसवी सन १२५६ च्या उन्हाळ्यात, मदिन्यात आधी काही दिवस भूकंपाचे धक्के बसले. मग शहराच्या आग्नेयेला जमीन फाटली आणि लाव्हा वाहू लागला. सुमारे ५२ दिवस ही आग चालू होती. लाव्हाचा प्रवाह सुमारे २३ किलोमीटर लांब गेला, शहराच्या दिशेने आला आणि काही मैल अलीकडेच थांबला. मदिन्याचा इतिहास लिहिणारे सम्हूदी यांनी या घटनेची सविस्तर नोंद ठेवली आहे. हा लाव्हा पातळ, कमी वायूचा होता. म्हणून तो वाहत राहिला, तंबोरासारखा फुटला नाही. त्याच्या जागी चिवट, वाफेने भरलेला शिलारस असता तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

त्याच भागातली दुसरी घटना आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळची आहे. २००९ च्या एप्रिल ते जून या काळात मदिन्याच्या वायव्येला हर्रत लुनय्यिर भागात ३० हजारांहून अधिक लहान-मोठे धक्के नोंदले गेले. तिथे खरोखरच शिलारस वर चढत होता. जमीन ताणली जाऊन सुमारे ८ किलोमीटर लांबीची भेग पडली. उपग्रहांनी जमिनीची फुगवट मोजली. सौदी सरकारने सुमारे ४० हजार लोकांना हलवले. शिलारस पृष्ठभागाजवळ येऊन थांबला, बाहेर पडला नाही आणि लोक नंतर घरी परतले.

म्हणजे धक्क्यांच्या मालिकेमागे शिलारस असू शकतो, ही गोष्ट खरी आहे. म्हणूनच हिंगोलीत तसे का नाही, हे नीट पाहिले पाहिजे.

मग आपली जमीन का हलते?

पहिली गोष्ट. आपल्याखाली कोणताही समुद्रतळ जात नाही. उत्तरेला एकेकाळी तो जात होता. भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस नावाचा समुद्र होता. त्याचा तळ आशियाखाली गेला आणि लडाखच्या पर्वतरांगेतला ग्रॅनाइट त्याच शिलारसाचा बनला. तो समुद्र संपला, जमिनीला जमीन भिडली, हिमालय उभा राहिला आणि तिथले ज्वालामुखी विझले.

दुसरी गोष्ट. आपला लाव्हा ज्या उष्णतेतून आला, ती जागा आता आपल्याखाली नाही. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि ती तप्त जागा मागे राहिली. शास्त्रज्ञांच्या मते ती आज हिंदी महासागरात, हिंगोलीपासून सुमारे पाच हजार किलोमीटर दूर रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी आजही वरचेवर बेसॉल्टचा पातळ लाव्हा ओततो. त्या बेटाच्या राजधानीत, सेंट-डेनिसमध्ये, गुजराती मुस्लिम व्यापाऱ्यांनी बांधलेली नूर-ए-इस्लाम मस्जिद १९०५ पासून उभी आहे. आपल्या कातळाचा जुना चुलाणा आज त्यांच्या शेजारी पेटलेला आहे.

तिसरी गोष्ट. शिलारस वर येतो तेव्हा खुणा सोडतो. जमीन फुगते, भेगा रुंदावत जातात, गंधकाचे वायू निघतात, धक्के दिवसेंदिवस उथळ होत वर सरकतात. हिंगोलीत असे काही दिसलेले नाही. उनकेश्वरचे पाणी गरम आहे, कारण पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते आणि तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापून वर येते. दर किलोमीटरला जमीन साधारण २५ ते ३० अंशांनी गरम होत जाते. त्यासाठी ज्वालामुखी लागत नाही. आणि लोणारचे विवर आकाशातून आलेल्या अशनीने पाडले आहे, ते ज्वालामुखीचे तोंड नाही.

मग धक्के कसले? हिमालयाकडे भारतीय भूपट्टाचा रेटा आजही चालू आहे. तो ताण साऱ्या द्वीपकल्पात साठतो. काळ्या कातळाखालच्या जुन्या दगडात फार प्राचीन भेगा आहेत. ताण वाढला की त्या कुठेतरी थोड्या सरकतात. पावसाचे पाणी खोल मुरून भेगांतला दाब वाढवते आणि धक्क्याला निमित्त होते, असेही काही ठिकाणी अभ्यासकांनी मांडले आहे. आणि तो गडगडाट? धक्का उथळ असला की त्याची जलद कंपने जमिनीतून हवेत येतात आणि कानाला आवाज म्हणून कळतात. म्हणून कधी आवाज मोठा आणि हादरा अगदी किरकोळ असतो.

औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. अणूच्या गाभ्याहूनही सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या या यंत्रांसाठी जागा निवडताना जमीन किती शांत आहे, हे पाहिले जाते. पेटत्या ज्वालामुखीच्या तोंडावर असे यंत्र कोणी ठेवणार नाही.

खरी काळजी घराच्या भिंतीची

ज्वालामुखी नाही, एवढे कळून निवांत बसता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे दहा हजार माणसे गेली. तिथेही ज्वालामुखी नव्हता. नंतर तिथे खोल छिद्र घेतले, तेव्हा ३३८ मीटर काळा दगड संपून खाली जुना खडक लागला. कोठेही शिलारस नव्हता. ४.५ आणि ६.२ हे आकडे जवळचे वाटतात, पण दोन्हींच्या ऊर्जेत सुमारे साडेतीनशे पटींचा फरक आहे.

किल्लारीची माणसे लाव्हाने नाही, घरांनी मारली. काळ्या दगडाच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, सांध्यांत नुसता चिखल आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारे हे घर हादरा बसताच आतल्या माणसांवर कोसळले. आपल्याकडे जुन्या वाड्यांत, गढीत, मोहल्ल्यातल्या वडिलोपार्जित घरांत अशा भिंती आजही आहेत.

म्हणून काही गोष्टी हाताशी असाव्यात. दगडी भिंत बांधताना किंवा दुरुस्त करताना तिच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही पाळ्यांना धरून ठेवणारे आरपार दगड ठराविक अंतराने घालायला गवंड्याला सांगा. दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली चारही भिंतींना एकत्र बांधणारा सलग काँक्रीटचा पट्टा असावा. माळवदावर दरवर्षी नवी माती टाकून त्याचे वजन वाढवत नेऊ नका, जुनी काढून मग नवी टाका. जुन्या मस्जिदीचा दगडी मिनार, दर्ग्याची भिंत, मदरशाची कमान यांची पाहणी जमातीने जाणकार अभियंत्याकडून करून घ्यावी. तिथे एका वेळी शेकडो माणसे असतात, त्यात लहान मुलेही असतात.

घरात पलंगाच्या वरच्या फळीवर तांब्या-पितळेची जड भांडी, डबे, पेट्या ठेवू नका. धान्याची कोठी आणि कपाट भिंतीला खिळवून ठेवा. धक्का बसला आणि बाहेर मोकळी जागा दोन पावलांवर असेल तर बाहेर पडा. नसेल तर मजबूत टेबल किंवा पलंगाखाली डोके झाकून थांबा. जिन्यावर गर्दी करू नका. घरात दादी-नाना असतील, कोणी चालू शकत नसेल, तर त्यांना कोणी धरायचे हे आधीच ठरवून ठेवा.

आणखी एक बाब. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर उथळ पाया असलेल्या घरांना त्यामुळेही तडे जातात. प्रत्येक तडा भूकंपाचा नसतो. तड्यावर तारीख लिहून ठेवा आणि तो वाढतो का ते पाहा. वाढत असेल तर अभियंत्याला दाखवा.

धक्क्याची खरी माहिती राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र काही मिनिटांत देते. त्याच्या संकेतस्थळावर वेळ, तीव्रता आणि ठिकाण लिहिलेले असते. भूकंप कधी येणार हे जगात कोणीही तारीख-वेळ घालून सांगू शकत नाही. त्यामुळे "आज रात्री दोनला मोठा धक्का" असा संदेश आला तर तो पुढे पाठवू नका. तो खोटाच असतो आणि त्याच्यामुळे एखाद्या घरातले म्हातारे माणूस रात्रभर थंडीत अंगणात बसते.

मुलाने पुन्हा विचारले की खाली आग आहे का, तर त्याला विहिरीच्या काठावरचा एखादा काळा दगड दाखवा. त्यातले पांढरे स्फटिक दाखवा आणि सांगा की ही आग ६ कोटी वर्षांपूर्वीच विझली. मग त्याला घरातली सगळ्यात मजबूत जागा दाखवा आणि जमीन हलली तर तिथे कसे बसायचे, ते एकदा करून घ्या.